शेरूचा उजवा डोळा

जनावरांच्या दवाखान्यात वीस-बावीस वर्षं नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत. गोठ्यातल्या चिखलासारखे ते बुटाला चिकटून घरी येतात. आमच्या घरच्या कुत्र्याचा, शेरूचा, उजवा डोळा कसा गेला, असं कुणी विचारलं, की मी आधी बाकीचे सांगतो.

*

कुरुंद्याचा एक शेतकरी कुत्रं घेऊन आला. दोन्ही पापण्या लिंबाएवढ्या सुजलेल्या आणि अख्खं तोंड पिवळं.

"हळद भरली?"

"घरची हाय साहेब, भेसळ न्हाई!"

गांधीलमाशी चावली होती. गार पाण्याची पट्टी आणि एक इंजेक्शन, एवढ्यावर भागलं असतं. डोळ्यातली हळद धुऊन काढायलाच तास गेला.

*

एकानं आईचे ड्रॉप कुत्र्याला घातले. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले, स्टेरॉइडचे. कुत्र्याच्या बुबुळावर आधीच ओरखडा होता. स्टेरॉइडनं तो चिघळला, चार दिवसांत त्याचा खड्डा झाला.

आमचा शिपाई नामदेव त्याला म्हणाला, "बरं झालं बाबा, कुत्र्याची गोळी आईला न्हाई देली!"

त्या वेळी कुणी हसलं नाही.

*

सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या एका म्हाताऱ्यानं सूज उतरावी म्हणून पापणीजवळ तापल्या विळ्यानं डाग दिला. पापणीच्या कडेला नुसती गोचीड होती. चिमट्यानं दोन मिनिटांत निघाली असती. तीही जळाली, पापणीही.

मी विचारलं, "धरायला किती माणसं लागली?"

"कोनीच न्हाई. मी हाय म्हनून गप बसलं. लई भरवसा त्याचा!"

मी चहाला म्हणून बाहेर गेलो. बराच वेळ आत आलो नाही.

*

आमच्याच गावातल्या गयाबाईंचा नवरा वारला, त्यानंतर आठवड्यानं त्या कुत्रं घेऊन आल्या. एक डोळा सुजून बंद, पाण्याची धार लागलेली.

"मालक गेले तव्हापासून रडून राहिलं, साहेब."

मी तेव्हा तरुण होतो आणि नुकताच शिकून आलेला. "गयाबाई, दुःखानं एकच डोळा सुजतो का? आधी पापणी उलटून पाहायची, मग कुत्र्याला रडवायचं!"

पापणी उलटली. आत गव्हाचं कुसळ. चिमट्यानं काढलं, मिठाच्या पाण्यानं डोळा धुतला, मलम दिलं. अख्खा दवाखाना हसला.

गयाबाई हातातल्या कुसळाकडे बघत होत्या. "म्हंजी रडत नव्हतं?" एवढंच म्हणाल्या.

*

सुनंदा, माझी बायको, गेली तेव्हा मार्च होता. घरामागच्या शेतात गव्हाची कापणी चालू होती.

शेरू दारात पडून असायचा. उजवा डोळा सुजलेला, सारखं पाणी गळायचं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "बाईसाठी रडून राहिला बिचारा." मी त्याच्या डोक्यावरून नुसता हात फिरवायचो. या घरात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी रडतंय, याचा मला आधार वाटायचा.

तेराव्याला गयाबाई आल्या. पार वाकल्या होत्या. घरात न येता दारातच शेरूजवळ बसल्या. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या,

"साहेब, पापनी उलटून पाह्यली का?"