प्रेमलालभाऊनं बंद न होऊ दिलेली गाडी

आधीच सांगून ठेवतो, मी भांडकुदळ माणूस आहो. बालाघाटात माह्याशी वाजलं नाही असा दुकानदार सापडणं कठीण. पण एका माणसापुढं माही मान आपोआप खाली जाते. तो म्हणजे प्रेमलालभाऊ मेश्राम, गोंदिया रोडवरच्या टिनाच्या शेडमधले डिझेल मिस्त्री. त्यायचीच ही गोष्ट, अन् माह्या मूर्खपणाचीबी.

प्रेमलालभाऊ मूळचे खैरलांजीकडचे. मिसरूड फुटायच्या आधी सरकारी बसच्या डेपोत लागले अन् तिथंच फिटर झाले. पुढं त्या बसा बंद झाल्या, सगळ्यायले घरी पाठवलं. बाकीचे टपरीवर बसून सरकारले शिव्या देत राह्यले, ह्या माणसानं दुसऱ्याच आठवड्यात शेड टाकली. ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, जीपा, जे येईन ते. त्यायच्या दोन खोडी साऱ्या गावाले माहीत. काढलेला जुना पार्ट कधी फेकत नाही, तारेनं बांधून मालकाच्या हातात देतात, "तुही वस्तू होती, पाहून घे." अन् नवी गाडी आली का तिची किताब वाचल्याबिगर पाना हातात घेत नाही. इंग्रजी येत नाही, म्हणून आयटीआयमध्ये शिकवणारी त्यायची पोरगी आम्रपाली वाचून सांगते. न समजलेलं वाक्य भाऊ तीन-तीनदा वाचायले लावतात. थेबी चिडते मंग, पण वाचते.

आता माही गाडी. दोन वर्षांआधी माही बायको सरिता गच्चीवरून वाळवण काढता काढता पडली अन् तिचा मणका मोडला. ऑपरेशन झालं, पण पाव तासाच्यावर बसणं होत नाही. आमच्या गाडीरस्त्यांवर जीपमध्ये टाकलं तर दर खड्ड्याले किंकाळी. म्हणून मी नागपूरहून एक जुनी, विलायती कंपनीची मोठी डिझेल गाडी आणली. चाकायच्या वर हवेच्या पिशव्या, मागची सीट पलंगासारखी आडवी होते. लोक हसले. "शेखरभाऊ, धानाच्या बांधीत हत्ती काहून बांधून राह्यले?" म्या म्हटलं, हसा लेको. सरिता तिच्यात झोपून पहिल्यांदा राजेगावच्या आमच्या वावरापर्यंत गेली अन् हू की चू केलं नाही, तवाच मले गाडीचं मोल समजलं.

पण त्या गाडीचं शोरूम नागपूरले. तिथं पाय ठेवला का माहं डोकं फिरते. म्या ठरवलं, आपला हात जगन्नाथ. मोबाईलवर व्हिडिओ पाह्यले, तेल बदललं, हवेचा फिल्टर बदलला. प्रेमलालभाऊ शेडमध्ये उभं राहून पाह्यत, चुकलं तिथं टोकत. किताब ऐकून झाल्यावर त्यायनं मले साफ सांगतलं होतं, "तेल, फिल्टर, ब्रेकचे पॅड, हे आपण करू. पण ह्या गाडीचा कम्प्युटर अन् धुराचं काम शोरूमचं. ते माहं काम नाही." मिस्त्र्याच्या तोंडून हे वाक्य तुमी कितीदा ऐकलं? मी तर आयुष्यात एकदाच.

ऐकणारा मी कुठला! ह्या नव्या डिझेल गाड्यायले डिझेलच्या टाकीबाजूला अजून एक टाकी राह्यते, निळ्या झाकणाची. तिच्यात धूर साफ करायसाठी युरियाचं शुद्ध पाणी टाकावं लागते, ते डब्यात तयार भेटते. भाऊनं सांगतलं, "सीलबंद डब्बाच आण." मी घरी आलो तर पडवीत धानाच्या खताच्या सात बोऱ्या. बोरीवर काय लिहिलं? युरिया. डब्यात काय? युरिया अन् पाणी. मी म्हटलं, बावा, हे शोरूमवाले आमचंच खत आमाले बाटलीत भरून विकून राह्यले! तीन किलो युरिया बादलीत घोळला, सरिताच्या जुन्या ओढणीतून दोनदा गाळला अन् ओतला टाकीत. अती शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. वावरातल्या युरियावर निंबाच्या तेलाचं कव्हर असते हे मी शेतकरी असून विसरलो.

आठ दिवस गाडी बरी चालली. मंग पिवळा दिवा लागला अन् समोरच्या पडद्यावर आकडा आला: आठशे किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. मी म्हटलं, धमक्या देऊन राह्यली. आकडा कमी कमी होत गेला, मी पडद्यावर फडका टाकून चालवत राह्यलो. भाऊले सांगतलं नाही, लाज वाटे.

तेवढ्यात कटंगीच्या पुढून सरिताच्या माहेरचा फोन आला. तिची माय, रुख्माबाई, वय शहाऐंशी, चार दिवसांपासून जेवत नव्हती. एकच घोकत होती, "सरीले आणा." मायलेकींची दोन वर्षं भेट नव्हती, गाडी आल्यावरबी धानाच्या कामात जाणं राहूनच गेलं. मी ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर सरिता कडाडली, "मायच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी करता? थे पाहूनच मरन माय!" ठरलं, सकाळी आपल्या गाडीनं जायचं. रात्रभर थे जागीच होती, मले माहीत आहे.

सकाळी सात वाजता गाडी चालू केली. फडका बाजूला केला तर आकडा एक, दारापुढं आणेस्तोवर त्याचाबी शून्य झाला. भाऊले फोन लावला अन् सारं ओकलो. पलीकडून शिवी आली नाही, एकच प्रश्न आला.

"आत्ता चालू हाय का बंद?"

"चालू."

"मंग बटनाले हात नोको लावू. आलोच."

पंधरा मिनिटांत बाईकवर हजर, मागं आम्रपाली. तिनं गाडीतली किताब काढून वाचली: एकदा इंजिन बंद झालं तर शोरूमशिवाय सुरू होणार नाही, पण चालू आहे तोवर चालेल. भाऊनं ते वाक्य तीनदा ऐकलं. मंग सिग्नलवर इंजिन आपोआप बंद व्हायची सोय असते, तिचं बटन शोधून घेतलं अन् ती सोय बंद केली. मी म्हटलं, "भाऊ, माहेर राहू द्या. सरळ नागपूर गाठू." भाऊनं दारातून आत पाह्यलं. सरिता खाटेवर नवं लुगडं नेसून पडली होती, कपाळाले कुंकू, छातीवर मायसाठी घेतलेला बिस्कुटाचा पुडा.

"डिझेल किती?" भाऊनं विचारलं.

"काल फुल केलं."

"मंग पहिले वहिनीले मायकडे. वापस घरी. मंग नागपूर. संध्याकाळलोक बंद करायची नाही. मी येतो संगं."

त्या दिवशी शेडवर त्यायचे दोन ट्रॅक्टर खोलून पडले होते. ते म्या नंतर ऐकलं.

वारासिवनी गेलं, पुढं रेल्वे फाटक लागलं. आता आमच्याकडची रीत अशी का फाटक पडलं का गाडी बंद, उतरा, तंबाखू मळा. ते हाताले शिकवावं लागत नाही. माहा हात गेलाच बटनावर. भाऊनं मनगट असं धरलं का हाडं वाजली. "शेखरभाऊ! काय करून राह्यले?" मी गपगुमान उतरलो अन् स्टिअरिंग त्यायच्या हातात दिलं.

माहेरी आंब्याखाली गाडी उभी केली, चालूच. सरिताले उचलून आत नेलं, मायच्या खाटेले खाट लावून झोपवली. काय सांगू बाप्पा! म्हातारीनं तिचा चेहरा चाचपला, केसाले हात लावला अन् म्हणे, "तेल नाई लावलं काहून वं?" वाटीत तेल मागितलं. ज्या हातानं घास उचलत नव्हता त्या हातानं लेकीच्या डोक्याले तेल लावत बसली. सरिताबी लहान पोरीसारखी डोळे मिटून पडली. मधात म्हातारीनं विचारलं, "बाहेर काय गुरगुरते?"

"गाडी वं माय."

"बंद करा म्हणा."

"बंद केली तर सुरू नाई होत. मी अठीच राह्यन."

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "मंग बंदच कर."

तीन तास. प्रेमलालभाऊ गाडीतून हलले नाही. जेवायले बोलावलं तर म्हणे, ताट अठीच द्या. कोणी जवळ आलं का हात वर करत, "बटन नोको." निघताना रुख्माबाईनं लेकीच्या हातून भाकरीचा एक तुकडा खाल्ला. तिथल्या सगळ्यायनं पाह्यलं.

सरिताले घरी सोडलं अन् आमी दोघं नागपूरकडे. साडेसहाले शोरूमच्या आत गाडी लावली तवा भाऊनं स्वतःच्या हातानं बटन दाबलं. साडेअकरा तास चाललेलं इंजिन थांबलं. काउंटरवरच्या साहेबानं विचारलं, टाकीत काय टाकलं होतं? माह्या जिभेवर खोटं तयार होतं, पंपावर खराब माल भेटला म्हणून. भाऊनं माह्याकडे पाह्यलं फक्त. मी खरं सांगतलं, बोरीसकट. अपमान सहन करायले तयार होतो, पण साहेब म्हणाला, "बरं झालं बोललात. नाहीतर आम्ही नुसता पंप बदलला असता आणि टाकीतल्या चिकट्यानं नवाही गेला असता. पण पार्ट बाहेरून येतील, तीन आठवडे लागतील." त्या शोरूमवर माहा राग होता तो त्या दिवशी बराच उतरला. त्यायनं काम चोख केलं, हे कबूल.

नवव्या दिवशी सकाळी माहेरून फोन आला. रुख्माबाई गेली. गाडी नागपूरले खोलून पडली होती, तासाभरात माती होती, ॲम्ब्युलन्सनंबी सरिताले वेळेवर नेणं शक्यच नव्हतं. मी खाटेजवळ गेलो. तिनं माह्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं. मोठ्यानं रडली, पदर तोंडात कोंबून रडली. मंग हात पुढं केला, "फोन द्या."

मले वाटलं, भावायले लावते. तिनं प्रेमलालभाऊले लावला.

"भाऊ, माय गेली," थे म्हणे. "तुमी होते म्हणून भेटली मले. तुमालेच पहिले सांगून राह्यली."

मंग भाऊ म्हणाले, "हौ बाई," अन् शेडमधलं चालू इंजिन बंद केलं, ते मले उभ्या जागी ऐकू आलं. मी, साऱ्या बालाघाटाशी भांडणारा माणूस, खाटेच्या पायथ्याशी बसून हमसून हमसून रडलो.