कळशीतला सरंगा

दिवेलागण झाली की घाटकोपरच्या सांबरे चाळीत शिरणं म्हणजे जकातनाका ओलांडणं होतं. बैठी चाळ, मिठागरांकडे तोंड केलेली, आणि फाटकाजवळच्या पहिल्याच खोलीच्या उंबऱ्यावर रुक्मिणीकाकी. फाटक कुरकुरलं रे कुरकुरलं की तिचा सवाल यायचा, "कोण रे तो?" नुसतं नाव सांगून सुटका नसे. कुठून आलास, उशीर का झाला, पिशवीत काय आहे, सगळ्याची उत्तरं देऊनच पुढे सरकायचं. चाळीतले बाप तिच्यावर बेहद्द खूश होते. एवढी कडक बाई फाटकावर असताना पोरांना वळण लावायला वेगळं कोणी कशाला हवं?

एकदा मात्र, पाऊस सरल्यावर कुणी धुऊन वाळत घातलेल्या पावसाळी कोटालाच काकीने धारेवर धरलं. ओट्यावरच्या दांडीवर कोट लोंबत होता आणि काकी त्याला विचारत होती, की बाबा रे, नाव सांगायला लाज वाटते की तोंडात गुळणी धरलीस? कोट काही बोलेना. मग काकीने त्याच्या आईबापांचा उद्धार केला, त्याच्या गावची चौकशी केली आणि शेवटी दम भरला, की असाच मुक्याने उभा राहिलास तर वर पाणी ओतीन. चाळ हसून हसून लोळली. भाडं मागायला येणारा मालकाचा माणूस असाच मख्खासारखा उभा राहत असे. काकी त्याची नक्कल करतेय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. "काकी म्हणजे नाटकात जायला हवी होती," असं सुलक्षणा शेजारीण म्हणाली, आणि काकीनेही हसून ते अंगावर घेतलं.

खरी गोष्ट एवढीच होती की दिवे लागल्यानंतर काकीला दिसत नव्हतं. दिवसा सुईत दोरा ओवणारी बाई, पण सूर्य बुडाला की कंदिलाच्या जागी नुसता पिवळा डाग आणि बाकी सगळा काळोख. दसऱ्यानंतर कधीतरी हे सुरू झालं. फाटकावरची ती सरबत्ती वळण लावण्यासाठी नव्हतीच. आवाज ऐकल्याशिवाय तिला माणूस कळत नव्हता.

हे लपवायला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव जयवंत. काकीचा हा धाकटा दीर मुलुंडच्या टपाल कचेरीत होता. नवरा गेल्यावर काकीने खोली सोडली नाही. विक्रोळीच्या कारखान्यात जाणाऱ्या कोकणातल्या पोरांना जेवू घालायला सुरुवात केली. आपल्या वहिनीने खानावळ चालवावी, हे जयवंतला खुपत असे. दर रविवारी येऊन तो म्हणायचा, वहिनी, आता गावाला जा, शेवंतीला मदत होईल. शेवंती म्हणजे त्याची बायको, काकीची धाकटी जाऊ. कणकवलीच्या अलीकडच्या त्या घरात शेवंती भाताचे तांदूळसुद्धा कुलपातून काढून द्यायची, आणि तेही मोठ्या जावेने मागितल्यावर. तिच्या हाताखाली दिवस काढण्यापेक्षा काकी मिठागरात मीठ ओढायला गेली असती. पण डोळ्यांचं कळलं असतं, तर जयवंतने दुसऱ्याच दिवशी तिची वळकटी बांधली असती. रात्री न दिसणाऱ्या बाईच्या हातचं कोण जेवणार? आमटीत पाल पडली तरी कळायचं नाही, असं एकाने म्हटलं की खानावळीची वाट लागली.

म्हणून काकीने युक्त्या काढल्या होत्या. स्वयंपाक उजेड आहे तोवर उरकायचा. भांड्यांच्या जागा ठरलेल्या. वाढताना "ताट सरकव रे" म्हणायचं आणि ताटाच्या आवाजावर पळी रोखायची. जेवणाऱ्यांत लवू म्हणून एक मालवणकडचा पोरगा होता, लोखंड ठोकणारा आणि तसाच जेवणारा. तो काकीला फार मदत करायचा. भांडी उचलायचा, झाकणं लावायचा. काकीला वाटे, गुणाचा आहे.

अशात एके दिवशी चाळीत शुभा नावाची मुलगी आली. मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजातून ती आली होती. खांद्याला पिशवी, पिशवीत तागडी आणि वजनं. लोक रोज काय खातात, आणि त्यात काय कमी पडल्यामुळे कुणाला कुठल्या आजाराचा धोका आहे, हे तिला शोधायचं होतं. चाळीतल्या कितीतरी पोरांची तोंडं आलेली होती, ओठांचे कोपरे फाटलेले होते. ते कशाने, हा तिचा प्रश्न. चिठ्ठ्या टाकून तिने चार खोल्या निवडल्या, त्यांत पहिली काकीचीच. चुलीवर चढणारी प्रत्येक वस्तू ती आधी तोलणार होती. जाताना तिने चारचारदा बजावलं, की पाहुण्यासारखं काही करू नका, रोजचंच असू द्या.

हे बजावणंच चुकलं. ती फाटकाबाहेर पडताच काकीने बाकीच्या तिघींना गोळा केलं. घरी आलेल्या माणसासमोर पेज आणि सुकटीची चटणी तोलायला ठेवायची? आणि ते सगळं सरकारी कागदावर जाणार, की कोकणातली माणसं मुंबईत येऊन पेज पितात? शेवंतीच्या कानावर गेलं तर? सुलक्षणा म्हणाली, खरं आहे काकी, पण चार घरी सरंग्यासारखा महागाचा मासा आणायचा कुठून? त्यावर काकीने डोळे मिचकावले. चार कशाला, एक पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीने बाजारातून असा सरंगा आणला, की पाहणाऱ्याने पागोटं काढावं. पहिल्या खोलीत तो तागडीत बसला. मासळी आजवर वाट्यावर घेतलेली, तोलताना कुणी पाहिलेली नाही. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. शुभाने वजन टिपलं आणि तांदूळ तोलायला घेतले. तेवढ्यात सरंगा पाण्याच्या कळशीत गेला आणि कळशी सुलक्षणाच्या कमरेवर चढली. ओट्यावरून ती ठुमकत निघाली, शुभानेच बाजूला होऊन तिला वाट करून दिली. दुसऱ्या खोलीत सरंगा पुन्हा हजर. तिथून तिसऱ्या, तिथून चौथ्या. एक नारळही असाच फिरत होता, पण नारळाचं कुणाला काय?

सरंग्याची वरात झकास चालली होती. घोळ केला तो चाळीच्या कबरी मांजरीने. कळशी निघाली की तीही शेपूट ताठ करून मागून निघायची. कळशी थांबली की थांबायची. चौथ्या खोलीपर्यंत ती वरातीतल्या करवलीसारखी मिरवत आली. शुभाने तेही पाहिलं. सरंगा चौथ्यांदा तोलला, गंभीर चेहऱ्याने वजन टिपलं आणि तागडी पिशवीत घातली.

सगळं पार पडल्याच्या आनंदात काकी नको ते बोलून बसली. म्हणाली, दुपारी माझ्याकडे जेवायला ये, सरंग्याचं तिखलं करते. शुभा हो म्हणाली. पण विक्रोळीच्या एका चाळीत तिचं काम लांबलं, आणि ती आली तेव्हा मिठागरांवर काळोख उतरत होता. फाटक कुरकुरलं. काकीने आवाजावरून ओळखलं, आत बोलावलं, पाटावर बसायला सांगितलं. शुभा हात धुवायला बाहेरच्या नळावर गेली.

पाट रिकामा दिसताच कबरी त्यावर जाऊन बसली. सकाळपासून ज्याच्यासाठी पायपीट केली होती, त्याचा वास समोर घमघमत होता. पाटावर खुसफूस झालेली काकीला ऐकू आली. तिने अंदाजाने ताट पुढे सरकवलं आणि मधला मोठा तुकडा त्यात वाढला.

"जेव गो बाये, लाजू नको. आपलाच घर समज."

कबरीने लाज वगैरे काही बाळगली नाही. काकी कौतुकाने ऐकत राहिली. पोरगी शहाणी दिसते, बडबड करत नाही, जेवणावर लक्ष आहे. मग कटकट असा आवाज आला आणि काकीला राहवेना.

"अगो, काटेसुद्धा खातंस? गळ्यात अडाकतीत हां."

"मावशी," मागून दाराकडून शुभाचा आवाज आला, "मी इथे आहे."

काकीच्या हातातली पळी तशीच राहिली. क्षणभर तिने कबरीला मुद्दाम वाढल्याचं सोंग घेऊन पाहिलं, मुकं जनावर, दिवसभर उपाशी वगैरे. शुभा तिच्याजवळ येऊन बसली आणि तिने चेहऱ्यासमोर हात हलवला. काकीच्या पापण्या हलल्या नाहीत.

"कधीपासून?" शुभाने विचारलं.

मग काकीने सगळं सांगितलं. दसरा, पिवळा डाग, पावसाळी कोट, जयवंत, शेवंती आणि तिचं तांदळांचं कुलूप. हात जोडून म्हणाली, कुणाला सांगू नको, तुझ्या सरंग्याची शपथ. शुभा हसली. म्हणाली, सरंग्याचं मला दुसऱ्या खोलीतच कळलं होतं. पाण्याच्या कळशीमागे चालणारी मांजर मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

"मग सगळीकडे तोललंस कशाक?"

"तुम्ही सगळ्या एवढ्या मनापासून फिरवत होता. मोडवेना."

आणि मग शुभाने तो प्रश्न विचारला, जो चाळीत आजवर कुणी विचारला नव्हता: सगळ्यांचं झाल्यावर तुम्ही स्वतः काय जेवता? काकीने सांगितलं, उरलेला भात, सार, कधी चटणी. मासळीच्या अंड्यांची गाबोळी, काळीज किंवा भाजीचा डाव वाटीत झाकून ठेवते आपल्यासाठी, पण जेवायला बसावं तर वाटी रिकामी. ही मेली कबरी खाते.

"आणि खाऊन झाल्यावर झाकण परत लावते?"

काकीने वाटीवरचं झाकण चाचपलं. हा विचार तिने केला नव्हता.

शुभाने समजावलं, की डोळ्यांना जे लागतं ते गाबोळीत, काळजात, पालेभाजीत, दुधात असतं. ते पोटात न गेल्याने हे झालंय, आणि वेळेवर भरून काढलं तर उतरेल. शार्क माशाच्या काळजाचं तेल आणून देते, रोज चमचाभर घ्या. काकी म्हणाली, शार्क कसला, मोरी म्हण. मोरीचं तेल तर आमच्याच समुद्रातलं. शुभाने एकच अट घातली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा तोलायला येईल, तेव्हा कळशीत फक्त पाणी असलं पाहिजे. काकीने कबूल केलं. दुसऱ्या दिवशी तिने तिघींना बसवून सांगितलं, की पेज तर पेज, सुकट तर सुकट. पोरांची तोंडं कशाने येतात हे त्या पोरीला कळायचं असेल तर खरं जेवण दिसायला हवं. सुलक्षणा म्हणाली, कालपर्यंत तर काकी वेगळंच बोलत होतीस. काकी म्हणाली, कालचा सरंगा संपला.

तेल आलं. वास असा, की बाटली उघडली की शेजारच्या खोलीत लोक नाक दाबत. काकीने डोळे मिटून रोज घोट घेतला. काही दिवसांनी तिला कंदिलाच्या डागाभोवती काच दिसली. मग काचेला चढलेली काजळी. तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, आणि फाटकावरची सरबत्तीही थांबवली नाही.

इकडे पावसाळी कोटाची गोष्ट चाळीतून फिरत फिरत मुलुंडला पोचली होती. चाळ हसली तिथे जयवंत हसला नाही. वहिनीला रात्रीचं दिसत नाही हे त्याने बरोबर ताडलं आणि रविवारची वाट न पाहता एका संध्याकाळी न सांगता आला. फाटक हळूच उचलून धरलं, म्हणजे ते कुरकुरलं नाही. पोरं जेवायला बसली होती. बोटाने गप्प राहायची खूण करून तो पंगतीच्या टोकाला काळोखात ताट घेऊन बसला. वहिनीने त्याला अनोळखी पोरगा समजून वाढलं, की झालं, शेवंतीला पत्र टाकायचं.

काकी आतून आमटीचं पातेलं घेऊन आली. येता येताच तिला दिसलं, की चुलीजवळ एक हात लांब होऊन तिच्या वाटीवरचं झाकण अलगद उचलतोय. तिने पातेलं खाली ठेवलं आणि पळी त्या हातावर हाणली.

"लवू. ती गाबोळी खाली ठेव. आणि झाकण लाव, नेहमीसारखा."

पंगतीतले घास जागीच थांबले. काकीने आमटी वाढत वाढत टोकापर्यंत येऊन कंबरेवर हात ठेवला.

"भावजी, असे टोकाक काळोखात कित्याक बसलास? नि सदऱ्याक खालचो गुंडो नाय, तो लावन् घेवा."

जयवंतने खाली पाहिलं. खरंच बटण नव्हतं. तो मुकाट्याने पोटभर जेवला, आमटीला बरं म्हणाला आणि गावचा विषय न काढता परत गेला. पुढेही त्याने तो काढला नाही.

राहिला लवू. पंगत उठल्यावर काकीने त्याला समोर बसवला. त्याने कबूल केलं, की काकीला दिसत नाही हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

"मग बोललंस कित्याक नाय?"

"बोललंय असतंय तर तू गावाक गेली असतंस," लवू मान खाली घालून म्हणाला, "नि माका गाबोळी कोण दिता?"

काकीला हसावं की मारावं कळेना. हा वाटी खायचा म्हणून तिला दिसत नव्हतं, आणि तिला दिसत नव्हतं म्हणून हा वाटी खायचा. ठरल्याप्रमाणे शुभा पुन्हा तोलायला आली. तिने काकीचे डोळे तपासले आणि मूळ कारण सापडलं का, असं विचारलं. काकीने पंगतीकडे बोट दाखवलं. म्हणाली, ते बघ, कोपऱ्यात बसून भात चिवडतंय.

लवूला शिक्षा अशी झाली, की तेलाची बाटली आणायची त्याने, आणि काकीबरोबर चमचाभर प्यायचंही त्याने. एवढं खाल्लंय ते पचायला नको का, असं काकी म्हणे. त्या तेलाचा वास त्याच्या सदऱ्यात, केसांत, डब्यात असा मुरला, की सकाळी तो कामावर निघाला की कबरी शेपूट ताठ करून त्याच्यामागे निघायची. थेट विक्रोळीच्या रस्त्यापर्यंत. तो थांबला की तीही थांबे, आणि उंबऱ्यावरून काकी सगळं बघून, नीट ओळखूनही, मोठ्याने विचारायची:

"कोण रे तो, वरात घेऊन चाललोहा?"