चेअरमनचा तिसरा कोट

शंकरअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांनीच शिवलेला शर्ट घालत होतो. वरचं बटण लावायचं राहिलं ते राहिलंच... त्याला आता महिना होईल.

कोल्हापुरात सिनेमे बनत होते तेव्हा पडद्यावरचे निम्मे पाटील आणि झाडून सगळे इन्स्पेक्टर मंगळवार पेठेतल्या या शिंप्याच्या हातचे कपडे घालून फिरत. मी साहाय्यक दिग्दर्शक, कपडेपट माझ्याकडे. एका सिनेमात साखर कारखान्याचा चेअरमन होता, मस्तवाल आणि शेवटी निवडणूक हरणारा. त्याला सिनेमाभर एकच बंद गळ्याचा पांढरा कोट. अण्णांनी एकाच कापडाचे तीन शिवून आणले. पहिला अंगावर चोपून बसला. दुसरा जरा सैल. शेवटच्या प्रसंगासाठी तिसरा चढवला आणि खांदे ओघळले, बाह्या बोटांवर आल्या. नट म्हणाला, "ह्यात मी एकट्यानंच जायचंय, का बायकोलाबी घिऊ?"

सगळे हसले. मी मात्र सगळ्यांदेखत अण्णांवर ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "सायेब, खुर्ची सुटाय लागलीया त्याची. मानूस आकसतोय. कोट कशाला आकसंल?"

उन्हं उतरत होती, आधीचे दोन्ही कोट धुवायला गेले होते, म्हणून त्याच कोटात शॉट झाला.

सिनेमा लागला आणि त्या भल्या थोरल्या कोटातला एवढासा चेअरमन लोकांच्या मनात बसला. तुम्ही हे वाचताय त्याच वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या बातमीदाराने मला विचारलं, ही कल्पना कुणाची? मी म्हणालो, "शिंप्याचं माप चुकलं होतं. मी म्हटलं, राहू दे. सत्ता जाते तसा माणूस आकसतो, कोट नाही." ते छापून आलं. पुढे भाषणांतही मी तेच सांगत राहिलो. 'माप चुकलं'ला हशा यायचा, 'आकसतो'ला टाळ्या.

इकडे दुकानात गिऱ्हाइकं म्हणू लागली, "अण्णा, नवरदेवाचा कोट हाय, चेअरमनचा न्हवं!" आधी हसत म्हणत. मग लग्नाची कापडं दुसरीकडे जाऊ लागली. अण्णांच्या हाती उरल्या उसवलेल्या पँटी आणि शाळेचे गणवेश. मला ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मी शर्ट त्यांच्याकडेच शिवत राहिलो. इतक्या वर्षांत एकही सैल झाला नाही. माप चुकणाऱ्या शिंप्याकडे मी का जातो, हे मला कुणी विचारलं नाही... मीही नाही.

बाराव्याला अण्णांच्या पत्नी शालनवहिनींपुढे मी हे सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "भावजी, मला काय सांगताय? मला ठावं हाय की. जितं बोललासा तितं बोला."

म्हणून हे लिहिलं आणि पाठवण्याआधी दुकानात जाऊन त्यांना वाचून दाखवलं. 'थोर कलावंत', 'वेशभूषेचे महर्षी' असं बरंच घातलं होतं. टेबलावर अण्णांच्या बोटांनी झिजलेला निळा खडू पडला होता. वहिनींनी तो उचलला, कापड बेततात तसा कागद सपाट केला आणि त्या ओळींवरून रेघ ओढली.

"ह्ये जादा हाय. माप बरूबर हुतं, येवढंच ठेवा."

माप बरोबर होतं.