तुडुमाखालच्या मरळीसाठी दोरा

“ढेप टाका आणि मोकळे व्हा,” साहेब म्हणाले.

ढेप म्हणजे मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरणारा चोथा. तो पाण्यात टाकला की मासे गुंगून वर येतात आणि मरतात. तलावातले नको असलेले मासे काढण्याची आमच्या खात्यातली ही रूढ पद्धत. कागदावर एकदम चोख. अडचण एवढीच होती, की आम्ही ज्या पाण्याच्या काठावर उभे होतो ते त्या गावातलं उन्हाळ्यातलं शेवटचं पाणी होतं, आणि साहेब बोलत असताना त्यात म्हशी बसल्या होत्या.

“मंग ढोरं कुठी पाजू जी?” डोमाजी म्हणाले.

डोमाजी गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. आसगावच्या पलीकडचं हे गाव, तिथला जुना तलाव सोसायटीकडे लीजवर होता. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा मत्स्य खात्यात फील्डवरचा माणूस होतो. सत्तरीचं दशक संपत आलं होतं, आणि साहेबांना न सुटणारा प्रश्न माझ्याकडे ढकलायची पद्धत तेव्हाही जोरात होती.

“ढेप नाही, तर दुसरं काहीतरी करा,” साहेब मला म्हणाले. “पण मरळ आत असेपर्यंत या तलावाला बीज मिळणार नाही. मी इन्स्पेक्शनला येईन.”

जीप निघून गेली.

बीज म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, रोहू आणि कतला. सरकारी केंद्रातून ती येतात, तलावात सोडायची आणि वाढवायची. मरळ हा मोठ्या तोंडाचा, अंगावर पट्टे असलेला मासा. खायला उत्तम, पण ही पिल्लं म्हणजे त्याचा फराळ. मागच्या वर्षीचं निम्मं बीज मरळीच्याच पोटात गेलं होतं. साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि म्हणूनच जास्त राग येत होता.

“बीज नाई आलं तं लीज जाते,” डोमाजी म्हणाले. “ठेकेदार पंचायतीत बसूनच हाये. तलाव त्याच्याकडं गेला का आमच्या ढिवराच्या घरचे लोक पाळीवर उभे बी नाई राहू शकत. आमी करू काय? भंडाऱ्यात जाऊन रिक्षा ओढू?”

पाळ म्हणजे तलावाचा बांध, आणि ढिवर म्हणजे तिकडचा मासेमारी करणारा समाज. डोमाजींच्या आज्यापासून ही माणसं त्या बांधावर जाळी वाळवत आली होती.

जाळ्याने मरळ निघत का नव्हती, तेही सांगतो. बांधाच्या पोटात पाणी सोडायचं दगडी बांधकाम असतं, त्याला तिकडे तुडूम म्हणतात. या तुडुमाच्या पुढे एक मोठी सपाट शिळा पाण्यावर वीतभर उंचीवर आडवी होती. खाली अंधार, गारवा आणि खोल पोकळी. उन्हात सगळ्या मरळी तिथे जाऊन बसायच्या. फेकजाळं शिळेवरच पडायचं. आत सरकवलं की दगडात अडकून फाटायचं. डोमाजींची दोन चांगली जाळी अशी गेली होती.

“गळ टाकू,” मी म्हणालो.

डोमाजी हसले. “गळ टाकणं रिकाम्या मानसाचं काम हाये, बाबू. आमी जाळ्याचे लोक.”

तरी मी बांबूची एक बारीक लवचीक काठी घेतली. ट्रेनिंगला असताना एका जुन्या इन्स्ट्रक्टरने एक युक्ती दाखवली होती. दोरा काठीएवढाच ठेवायचा. गळाला झिंगा लावायचा, गळ डाव्या हाताच्या चिमटीत धरायचा, काठी वाकवायची आणि सोडायची. गुलेलीतल्या खड्यासारखा झिंगा पाण्याला लागून सरळ आत जातो. वरून फेकायला जागा नसेल तिथे हा एकच मार्ग.

पण सगळी गोष्ट दोऱ्यावर येऊन थांबते.

आधी मी भंडाऱ्याच्या बाजारातून नायलॉनचा तंगूस आणला. मजबूत होता, पारदर्शक होता, दुकानदाराने खेचूनही दाखवला. पण त्या काळचा तंगूस म्हणजे रिळावर जसा गुंडाळला तसाच राहायचा, स्प्रिंगसारखा. काठी सोडली की झिंगा निम्म्यात जाऊन मागे यायचा. मग सुती दोरा घेतला. तो मऊ, पण पाणी पिऊन फुगायचा आणि जड व्हायचा. झिंगा शिळेखाली न जाता शिळेच्या तोंडाशीच बुडायचा. दोन्ही वेळा म्हशींशिवाय कोणी आमची दखल घेतली नाही.

मला हवा होता बारीक, मऊ आणि तरी न तुटणारा दोरा. तसा दोरा मी जन्मापासून पाहत आलो होतो. मी आंधळगावचा. आमच्या घरी माग होता आणि मागावर कोशाचं कापड. कोसा म्हणजे आपल्याकडचं जंगली रेशीम. विणकराच्या घरातला मुलगा मासे मोजायच्या नोकरीला लागला, यावर आमच्या नातेवाइकांनी भरपूर तोंडसुख घेतलं होतं. रविवारी एसटीने घरी गेलो आणि काकूकडे कोशाचा पीळ दिलेला दोरा मागितला.

“कायले पायजे?” काकूने विचारलं.

“मासे धरायला.”

“शाबास,” काकू म्हणाली. “आता हेच राहिलं होतं.” पण दिला. सोनेरी, मधासारख्या रंगाचा. कोशाचा रंग मुळातच तसा असतो.

त्यातला बराचसा दोरा मी डोमाजींकडे ठेवायला दिला आणि ऑफिसच्या मीटिंगसाठी भंडाऱ्याला गेलो. परत आलो तेव्हा डोमाजी मोठ्या आनंदात होते. “तुमचा दोरा पक्का करून ठेवला,” म्हणाले, आणि माझ्या हातात काळपट तपकिरी गुंडाळी दिली.

ढिवरांच्या घरी नवं सूत थेट पाण्यात जात नाही. ऐनाच्या झाडाची साल उकळून त्या काढ्यात जाळं शिजवतात, म्हणजे ते कुजत नाही आणि पाण्यात दिसतही नाही. डोमाजींनी आपल्या जाळ्यांबरोबर माझा कोसाही शिजवून काढला होता. परक्याची वस्तू आपल्या घरात आली, तर तिला आपल्या घरासारखी वागणूक द्यायची, इतका साधा विचार. माझ्या काकूने ते पाहिलं असतं तर तिथेच बसून रडली असती.

मी मात्र चिडलो. “न विचारता कशाला उकळला?”

“कच्चा दोरा पान्यात टाकू?” डोमाजीही चिडले. “चार दिवसात सडला असता, मंग मलेच बोल लावला असता तुमी!”

रागारागातच काठीला तो दोरा बांधला आणि काठी वाकवून सोडली. झिंगा सुर्रकन शिळेखाली दूरवर गेला. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. उकळताना दोऱ्यातला डिंक निघून गेला होता आणि तो आणखी मऊ पडला होता. फेक अगदी मनासारखी बसत होती.

तरी मरळ लागेना. दर वेळी झिंगा खाल्लेला आणि गळ रिकामा. याचं कारण समजायला मला पूर्ण सकाळ लागली. उन्हाळ्यात मरळ सुस्त असते. आमिषावर झडप घालत नाही. तोंडात धरते, चघळते आणि नको वाटलं की सोडून देते. हाताला धक्का जाणवत नाही. दोरा पाण्यात जिथे शिरतो, तिथे तो किंचित बाजूला सरकतो, एवढीच खूण. त्याच क्षणी काठी उचलायची. आणि आमचा दोरा काळा, पाणी काळं, शिळेची सावली काळी. मरळीला दिसू नये म्हणून केलेला दोरा आम्हालाच दिसत नव्हता.

माझ्या पिशवीत कोशाचा थोडा कच्चा दोरा उरला होता. मी बांधावर बसलो, पँट मांडीपर्यंत वर केली आणि काळ्या दोऱ्याचं टोक सोनेरी दोऱ्यात घालून मांडीवर पीळ द्यायला लागलो. गाठ मारली तर ती शिळेच्या कडेला अडकते. आमच्या घरी बायका पिळातच जोड देतात, तसा जोड हवा होता.

“हे तं बायांचं काम हाये जी,” डोमाजी म्हणाले.

“आणि गळ टाकणं रिकामटेकड्यांचं. बसा इथं.”

ते पोटभर हसले आणि बसले. आमचं भांडण तिथे मिटलं.

आता पाण्यातला दोरा काळा आणि पाण्यावरचा सोनेरी. डोमाजींनी काठी हातात घेतली. थोड्या वेळाने तो सोनेरी दोरा बोटभर डावीकडे सरकला. डोमाजींनी काठी उचलली आणि हाताएवढी मरळ पाळीवर येऊन आदळली. “अरे बापा!” एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाळीवर अशाच काठ्या घेऊन सोसायटीचे सगळे जाळ्याचे लोक बसले होते, रिकामटेकड्यांसारखे.

रोज मरळी निघत गेल्या, आणि साहेब इन्स्पेक्शनला आले त्याआधीच्या दोन दिवसांत एकही लागली नव्हती.

“आत एकही उरली नाही, हे कशावरून?” साहेबांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. रिपोर्टमध्ये ‘दिसत नाहीत’ असं लिहून चालत नाही. डोमाजींचा चेहरा उतरला. मग त्यांनी काय केलं, तर स्वतःची काठी साहेबांपुढे धरली. “तुमीच पाहा ना जी.”

साहेब नाही म्हणतील असं मला वाटलं. पण मत्स्य खात्यात उभी नोकरी करूनही त्यांनी कधी मासा धरला नसावा. त्यांनी बूट काढले. मी वाकवून सोडायचं दाखवलं. पहिला झिंगा त्यांनी स्वतःच्या शर्टात अडकवला. तिसरा नीट आत गेला. मग ते बसून राहिले, चष्म्यातून त्या सोनेरी दोऱ्याकडे पाहत. ऊन चढलं. ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. मी मनात म्हणत होतो, लागू नये. लागली तर मरळ आहे हे सिद्ध झालं, आणि तलाव गेला.

दोरा सरकला.

“सरकला!” साहेब ओरडले आणि काठी उचलली. मरळ जबर होती, आम्ही काढलेल्या सगळ्यांपेक्षा मोठी. साहेबांनी ती पाळीवर ओढली आणि तिच्यावर जवळजवळ लोळण घेतली. डोमाजी माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

साहेब उठले. पँटला चिखल, हातात मरळ. त्यांनी तिला वरखाली न्याहाळलं.

“हीच होती,” साहेब म्हणाले. “शेवटची. आता तलाव साफ आहे. लिहा.”

मी लिहिलं. मनात शंका होती, ती रिपोर्टबाहेर ठेवली. पाऊस लागल्यावर बीज आलं, आणि डोमाजी कंबरभर पाण्यात उभे राहून एकेक डबा स्वतःच्या हाताने ओतत राहिले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. लीज सोसायटीकडेच राहिलं.

पुढे बदलीच्या ठिकाणी दोरा कोणता घ्यावा, असं मला पुष्कळांनी विचारलं. तो माशाला दिसू नये, हे सगळ्यांना ठाऊकच असतं. तो साहेबांना दिसला पाहिजे, हे मी त्या तुडुमावर शिकलो.