देशी पंप, इम्पोर्टेड पंप आणि आष्टीची वाट

मामाची अट एका वाक्याची होती. "जीप आपल्या पायानं आली तं ठेवीन, टोचन करून आणली तं भंगारात देईन." टोचन म्हणजे बंद पडलेल्या गाडीला दोर बांधून दुसऱ्या गाडीनं ओढत नेणं, आणि आमच्या जीपच्या कुंडलीत हा योग पुष्कळदा येऊन गेला आहे. म्हणून या हिवाळ्यात मी पुण्याहून रेल्वेनं वर्ध्याला आणि तिथून एसटीनं हिंगणघाटला गेले, ती जीप स्वतः चालवत आष्टीला पोचवायला. जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रस्ता, सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. नव्या गाडीनं गेलात तर दुपारच्या जेवणाला पोचाल. आमच्यासारखे गेलात तर सोबत डबा ठेवा.

पार्श्वभूमी अशी. हिंगणघाटला बाबांचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बाबा जाऊन दोन वर्षं होत आली. दुकान तेव्हाच विकलं, घरात आई एकटी, आणि आता तीही माझ्याकडे पुण्याला यायला कबूल झाली होती. माझ्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग, त्यात जेमतेम माझी छोटी गाडी मावते. जीपला जायला जागा एकच उरली होती, ती म्हणजे आष्टी. आईचा धाकटा भाऊ तिथे शेती आणि संत्र्याची बाग करतो, अंगण एवढं मोठं की ट्रॅक्टर वळवायला मागे घ्यावा लागत नाही. मामा नाही म्हणाला असता तर हिंगणघाटचा भंगारवाला टपून बसलेलाच होता.

आता तुम्ही म्हणाल, सख्खा मामा अशी अट का घालेल? तर मामाचं आणि बाबांचं आयुष्यभराचं भांडण होतं, गाडीला माल कोणता लावायचा यावरून. बाबा देशी मालाचे. दुकानातही तोच ठेवायचे, लुधियानाचा, राजकोटचा, फरिदाबादचा. मामा मात्र ट्रॅक्टरच्या बेअरिंगपासून मोटारसायकलच्या प्लगपर्यंत सगळं बाहेरचं आणणार, त्यासाठी नागपूरला खेटे घालणार. दिवाळीला दोघं समोरासमोर बसले की अनारसे संपायच्या आत विषय निघायचा. "भाऊजी, तुमचा माल म्हणजे आजारी माणूस. जगते, पण दवाखान्यात," असं मामा म्हणायचा. बाबा शांतपणे पान जमवत म्हणायचे, "साळेबुवा, आमचा माल सांगून मरते. आधी गळते, मंग कुरकुरते, मंग थांबते. तुमचा साहेब एक दिवस न सांगता जाते, आन् दुसरा भेटत नाई." आईला कोणी विचारलं की ती उठून आत जायची. "मले काय समजते त्यातलं!" हे तिचं ठरलेलं उत्तर. मला ते भांडण फार आवडायचं. घरात दिवाळी आली हे मला फटाक्यांपेक्षा त्या आवाजावरून कळायचं.

तर जीप. बाबांच्या देशी वॉटर पंपातून पाणी ठिबकत होतं. बाबा असताना ते दर पन्नास किलोमीटरला थांबून रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे आणि त्याला "गाडीला चहा पाजणं" म्हणायचे. मला तसली जोखीम नको होती. या इंजिनाचा मूळ आराखडा परदेशी, त्यामुळे बाहेरच्या कंपन्या अजून त्याचे पंप बनवतात. मी ऑनलाइन एक मागवला. देशी पंपाच्या तिप्पट किंमत, पण डबा उघडला आणि बघतच राहिले. बेअरिंग बोटानं फिरवलं तर आवाज नाही, कुठे कडा बोचत नाही, पंखा मोजून मापून बसवलेला. बाबांच्या दुकानात वाढलेली मी, खोटं कसं बोलू? माल उत्तम होता.

बबनभाऊ हे बाबांचे जुने मिस्त्री. त्यांनी सकाळी पंप बसवला, डब्यात आलेलं कागदी गॅस्केटच लावलं. गॅस्केट म्हणजे पंप आणि इंजिन यांच्या मधला पातळ थर, तोच पाणी अडवतो. "ताई, झ्याक बसला," म्हणाले, "पण जुना फेका लागते का?" मी काही बोलायच्या आत आईनं तो जुना पंप पेपरात गुंडाळून मागच्या सीटखाली टाकला होता. मग तिनं घराला कुलूप लावलं, पदर खोचला आणि डावीकडच्या सीटवर चढून बसली. तिथल्या दांडीला धरून चढायची तिची एक पद्धत आहे, आधी उजवा गुडघा, मग "विठ्ठला". वर्षानुवर्षं तीच.

हिंगणघाट सोडताना वणा नदीचा पूल लागतो. कापसाचे दिवस होते, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळींना लटकलेला कापूस. लहानपणी मी तो काट्यांतून काढून खिशात भरायची. आता थांबून काढावासा वाटला, पण मागून ट्रकवाल्यानं असा हॉर्न दिला की वाटणं तिथेच राहिलं. वायगावपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढेही तक्रार करण्यासारखा नाही. वर्ध्यात बसस्टँडच्या बाजूला तर्रीपोहे खाल्ले. तीस रुपयांत प्लेट, तर्री मागाल तितकी, कांदा मागावा लागतो. मामासाठी गोरसपाक घेतला. तो बिस्किटासारखा दिसतो, पण नुसतं बिस्कीट म्हणालात तर वर्धेकर तुम्हाला दुरुस्त करतील. तापमानाचा काटा खाली, पंप गप्प. मी मनातल्या मनात मामाच्या बाजूला सरकत होते.

वर्ध्याहून आर्वीचा रस्ता खरांगण्याकडून जातो आणि या सहलीतला सगळ्यात देखणा तुकडा हाच. दोन्हीकडे टेकड्या, सागाची पानं गळायला लागलेली, मधूनच तुरीची पिवळी वावरं. "तुया बाबानं मले इथं जीप शिकवली होती," आई एकदम म्हणाली. मी ब्रेकच दाबणार होते. आईला गाडी येते?

"येत नाई. शिकवली होती फक्त. एक बैल मधात आला, मंग म्या म्हटलं, राहू द्या."

"बैलाला लागलं?"

"बैलाले काऊन लागन? म्या जीप तुरीत घातली ना."

मी हसत होते, तेवढ्यात काटा वर गेला. बॉनेटमधून वाफ. खरांगणा मागे पडलं होतं, आर्वी बरीच लांब. पण नशीब असं की थोडं पुढे ट्रॅक्टर दुरुस्तीची एक टपरी होती. तिथवर जीप घरंगळत नेली. तिथला मिस्त्री माझ्याच वयाचा, कानांवरून मफलर. त्यानं पंप खोलून हातात घेतला आणि बेअरिंग फिरवून खूश झाला. "ताई, पंप एक नंबर आहे. याचं गॅस्केट लयच बारीक आहे, आन् तुमच्या इंजिनाचं तोंड खाल्लेलं आहे. नव्या इंजिनावर बसते हे. यावर नाई." खरं होतं. इंजिनाचा तो भाग गंजानं खडबडीत झाला होता आणि ते नाजूक परदेशी गॅस्केट एका बाजूनं फाटलं होतं. फट बुजवायला सीलंट त्याच्याकडे नव्हतं. आर्वीच्या दुकानांचा बंदचा दिवस. "असं करू," तो म्हणाला, "माया चुलतभावाचा ट्रॅक्टर आहे. टोचन करून आर्वीले नेऊ, सकाळी पाहू."

टोचन म्हटलं की अटीतलं भंगार आलंच. मामा शब्दाला पक्का. आर्वीपर्यंतच ओढली, पुढे चालवत आणली, असं काही मी त्याला सांगू शकले असते. पण आष्टीच्या माणसाला आर्वीत काय घडलं ते घडायच्या आधी कळतं.

"टोचन नाई," आई सीटवरूनच म्हणाली. "मंजू, बाबाची पत्र्याची पेटी काढ. त्यात पत्रिका असन."

पत्रिका! मी विसरूनच गेले होते. बाबांनी आलेली कुठलीही लग्नपत्रिका कधी टाकली नाही. जाड पुठ्ठ्याची असेल तर ती थेट पेटीत जायची आणि पुढे कोणाच्या तरी इंजिनात गॅस्केट व्हायची. लग्नाला जायला जमलं नाही तर आई रागवायची आणि बाबा म्हणायचे, आपण नाही गेलो तरी त्यांची पत्रिका कामाला लागली. पेटीत पाना-पकडींच्या खाली चार-पाच पत्रिका निघाल्या. आईनं एकेक बोटानं चाचपली आणि एक निवडली. "हे लग्न आठवते मले. जेवण बेकार होतं. पण पत्रिका चांगली छापली होती."

मिस्त्री कात्री घेऊन पुढे आला तसं तिनं हात वर केला. आधी वरचा सोनेरी गणपती तिनं स्वतः नीट कापून घेतला, कपाळाला लावला आणि डॅशबोर्डच्या फटीत खोचला. बाबा असंच करायचे. दुकानातल्या एका खणात नुसते गणपती होते. मग पत्रिका पंपाच्या तोंडावर ठेवून हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं हलकं ठोकायचं, म्हणजे धातूची कडच कागद कापते. "जोरानं नको मारू, बेटा," आई सांगत होती. मिस्त्री म्हणाला, "काकू, मले येते." "येतच असन. तरी हळू मार." दोन्हीकडून ग्रीस फासलं, बोल्ट आवळले, पाणी भरलं. इंजिन सुरू केलं आणि आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. पंपाच्या कडेनं "आपले विनीत" एवढीच अक्षरं बाहेर डोकावत होती, आणि पाण्याचा एक थेंब नव्हता.

मला तिथे बाबांची इतकी आठवण आली की मी चहा सांगायला म्हणून पलीकडे जाऊन उभी राहिले. गेल्या दोन वर्षांत मी त्यांच्यासाठी रडून घेतलं होतं असं मला वाटत होतं. तसं काही झालेलं नव्हतं.

जुनी गाडी घेऊन निघणाऱ्यांसाठी माझं मत, फुकटात. फिरणाऱ्या भागांना, म्हणजे बेअरिंग, पंप, ऑइल सील यांना, परवडत असेल तर बाहेरचा माल घ्या, पण सीलबंद डबा आणि ओळखीचा दुकानदार बघून, कारण इम्पोर्टेडच्या डब्यात काहीही येतं. रबराचे पाइप, बुश, क्लॅम्प हे देशीच बरे, कुठल्याही तालुक्याला मिळतात. आणि मधलं गॅस्केट जाड घ्या. बाहेरचा माल समोरचं सगळं सपाट असेल असं धरून बनवलेला असतो. आपल्याकडे सपाट असं फारसं काही उरलेलं नसतं.

आर्वीहून तळेगाव, तळेगावहून आष्टी. संत्र्याच्या बागा सुरू झाल्या तशी आई खिडकीकडे सरकली, हे तिचं माहेर. उन्हं उतरताना जीप मामाच्या अंगणात शिरली, स्वतःच्या चाकांवर. मामा काठी टेकत बाहेर आला. गेल्या वेळेपेक्षा वाळला होता. नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून त्यानं आधी बॉनेट उघडायला लावलं.

"पंप कोणता?"

"बाहेरचा, मामा. तुमच्या पसंतीचा," मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले. मला वाटलं होतं, तो आता मांडी थोपटेल. तो पंपाकडे बघत राहिला. बाहेर आलेल्या पत्रिकेच्या कडेवरून त्यानं अंगठा फिरवला.

"म्हणजे मी जितलो," तो म्हणाला. काठीवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "मंग आता मी भांडू कोणासंग?"

मामीनं पाण्याचा तांब्या आणला तो तिच्या हातातच राहिला.

"बाई, भाऊजींचा जुना पंप फेकला काय?" मामानं आईला विचारलं.

"मागं आहे, सीटखाली."

"तोच लावून घेतो मी."

"अरे, गळते तो."

"गळू दे."

त्या संध्याकाळी बिट्ट्या, म्हणजे आमच्याकडच्या बाट्या, आणि वांग्याची भाजी होती, वरून तूप, आणि मामा नेहमीच्या निम्मंही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं वर्ध्याला निघालो. फाटकातून आईनं जीपकडे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं, दोनदा.

आता आम्ही पुण्यात आहोत. आई इथे आली, पण तिचा आवाज हिंगणघाटलाच राहिला की काय असं वाटायचं. हो, नाही, जेवते, निजते. टीव्ही लावून देई मी, तर ती बाल्कनीतून खालच्या गाड्या बघत बसे. परवा सकाळी मामाचा फोन आला. तिला ऐकू यावं म्हणून मी स्पीकरवर टाकला. मागे आठवडी बाजाराचा गलका, आणि मामा खुशीत ओरडत होता. "बाई! तुया नवऱ्याच्या पंपानं मले भर बाजारात उभं केलं! समदं पाणी रस्त्यावर! लोक हासून राह्यले! म्या म्हणत होतो का नाई, त्यायचा माल..."

आईनं फोन माझ्या हातातून घेतला.

"ए, काय म्हणत होता तू? तोंड सांभाळ! पाणी पाहून निघाला होता का घरून? आन् तुया त्या बाहेरच्या पंपानं आमाले जंगलात बसोलं, ते नाई सांगत कोणाले? ते म्याच सांगतो थांब, तुया बायकोले दे फोन!" ती उभी राहिली होती. एक हात कमरेवर. शेजारच्या काकूंनी दार उघडून बघितलं. पलीकडून मामाही चढला, मग आई आणखी चढली, आणि पंपावरून बेअरिंगवर, बेअरिंगवरून कुठल्याशा जुन्या दिवाळीवर गाडी गेली. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी तिला पत्ता नव्हता. शेवटी मामाच्या फोनची बॅटरी संपली.

आई धापा टाकत खुर्चीत बसली. गाल लाल झाले होते. फोन माझ्या हातात देत म्हणाली, "संध्याकाळी पुन्हा लावून देजो. मायं बोलणं राह्यलं अजून."