जाकीट कुणी निवडलं

आमच्या अक्का दुकानात कपडा अंगावर चढवला की आधी बसायच्या. आरशाकडे बघतसुद्धा नसत. स्टूल मागायच्या, त्यावर बसून गाडीचं हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढं करायच्या आणि बाही मनगटावरून किती वर सरकते ते बघायच्या. दुकानातली माणसं हसायची. अक्कांना त्याचं काही नसे. "उभ्यानं सगळंच अंगाला बसतंय," त्या म्हणायच्या. "आपण काय उभ्यानं गाडी चालवतोय व्हय?"

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. होटगीला रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी केली, तिथंच दोन खोल्यांचं घर बांधलं, आणि निवृत्त झाल्यावर, बायका गुडघे चोळत बसतात त्या वयात, चांगली वजनदार मोटरसायकल घेतली. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चालतं. पण अक्का गाडीशी फक्त कानडीतच बोलायच्या. चढ आला की टाकीवर थाप मारून "नडी, नडी" म्हणायच्या, बैलाला "चल" म्हणावं तसं.

दर रविवारी त्या सोलापुरात आमच्याकडे यायच्या. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला की माझी लेक भाग्या हातातलं टाकून पळायची. आठवडाभर डबे मी भरायचे, दुखलं-खुपलं मी बघायचे, आणि रविवारी पोरगी त्यांची. एकदा ती परीक्षेत नापास झाली, ते तिनं आधी आत्याला सांगितलं. मला तीन दिवसांनी कळलं. मी अक्कांना म्हटलं, "तुम्ही तरी सांगायचं मला."

"तिचं हाय ते, सुनंदा. तिनं सांगायच्या आधी मी कसं सांगू?"

उत्तर चोख होतं, म्हणून मला जास्तच राग आला. अक्कांचा मला हेवा वाटायचा. सरळ सांगते, लई वाटायचा.

भाग्याला नोकरी लागली आणि दोघींनी मोटरसायकलवरून कन्याकुमारीला जायचं ठरवलं. भाग्याची गाडी वेगळी, आत्याची वेगळी. मे संपताना निघायचं. पुढचे चार रविवार आमच्या घरात जाकिटाशिवाय विषय नव्हता. "सोलापूरचं ऊन, उटीची थंडी आन् केरळचा पाऊस, तिन्ही एका जाकिटात बसवायचंय की," अक्का म्हणायच्या. मी आत भाकरी थापत ऐकत असायचे. मला कुणी विचारत नव्हतं.

एका शनिवारी मी एकटीच बाजारात गेले आणि दुकानातलं सगळ्यांत महागडं जाकीट घेऊन आले. काळं, जाड, चकचकीत. दुकानदार म्हणाला, "बाराही महिने चालतं." मला तेवढं पुरे होतं. अक्का यायच्या आत ते भाग्याच्या अंगावर चढलं पाहिजे, एवढाच माझा हिशेब. भाग्यानं घातलं आणि मला मिठी मारली. त्या रात्री मी सुखानं झोपले.

रविवारी अक्का आल्या. भाग्याला गाडीवर बसायला सांगितलं. बाही वर गेली, पाठीमागून जाकीट उचललं गेलं. अक्कांनी तिच्या कोपरावरचं पॅड दोन बोटांनी हलवलं. ते सहज सरकलं. मी दारात उभी होते. आता बोलतील, म्हणून दात आवळून धरले होते.

"रंग झकास हाय," एवढंच बोलून त्या आत स्वयंपाकघरात आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "बदलून आण. भाग्याला घेऊन तूच जा, मी न्हाय येत. गाडीवर बसवून बघ. पॅड कोपरावरच बसलं पायजे. पडल्यावर ते सरकलं की हाड उघडं पडतंय. कापड जाळीचं घे, वारा आत गेला पायजे. थंडीचं अस्तर निघणारं. पावसाचं वेगळं, वरून घालायचं. आतून घातलं तर वरचं जाकीट पाणी पितंय आन् दिवसभर ओझं होतंय."

"मग तुम्हीच घेऊन द्या की," मी म्हटलं.

"आईनं घेतलेलं घालू दे तिला."

दुकानात मी स्टूल मागितलं. भाग्याला बसवलं, हात पुढं करायला लावले, पॅडं चाचपली, राखाडी जाळीचं जाकीट निवडलं. भाग्या बघतच राहिली. "आई, तुला हे सगळं कुठून कळलं?"

"कळतं," मी म्हटलं.

निघाल्यापासून सहाव्या दिवशी अक्कांचा फोन आला. पहिलं वाक्य होतं, "भाग्या धडधाकट हाय. आता पुढचं ऐक." केरळात घाटातल्या ओल्या वळणावर भाग्याची गाडी घसरली होती. कोपरावर, खांद्यावर पडून ती बरीच लांब फरफटत गेली. जाकीट फाटलं. तळहात सोलला, बाकी काही नाही. दोघी परत आल्यावर घर पाहुण्यांनी भरलं आणि भाग्या प्रत्येकाला सांगत होती, "आईनं निवडलेलं जाकीट होतं म्हणून हात वाचला." अक्का शेजारीच चहा पीत बसल्या होत्या. "व्हय की," म्हणाल्या, "आईची नजर." मी खाली मान घालून कप गोळा केले.

पुढं राहवेना, म्हणून एका दुपारी मी होटगीला गेले. म्हटलं, "अक्का, मी तिला अजून खरं सांगितलं नाही."

"म्हाईत हाय."

"तुम्हाला राग नाही आला?"

त्या म्हणाल्या, "रविवारी संध्याकाळी मी गाडी चालू करते न्हाय का, तवा ती फाटकापाशी हात करते आन् वळून तुझ्या घरात जाते. दर रविवारी. तवा मला काय वाटत आसंल?" मग उठून त्यांनी चहा टाकला आणि तो विषय पुन्हा काढू दिला नाही.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. झोपेतच. भाग्या ज्या तऱ्हेनं रडली ते बघून मला पहिल्यांदा काय वाटलं, तर ही माझ्यासाठी एवढं रडेल का? अशा वेळीही मन कुठं जातं बघा.

अक्कांना माती देऊन परतताना रिक्षात मी तिला सगळं सांगितलं. स्वयंपाकघरातलं, अक्कांचा शब्दन् शब्द. घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "आई, हे तू आत्यासमोर सांगायला पाहिजे होतंस."

त्या दिवशीही ती आत्याचीच बाजू घेत होती, आणि पहिल्यांदाच मला ते रास्त वाटलं.