यशवंतचं कडबा खातं

यशवंत साळवे संगमनेरला वारल्याची बातमी मला तिसगावच्या बाजारात कळली, आणि तीही सगळ्यांत शेवटी. नगरच्या मिशन शाळेत एका बाकावर बसलेला मित्र माझा. मला रंग्या म्हणणारा तो एकटाच उरला होता. आणि मेथी विकणारी म्हातारी डोळे पुसत मलाच विचारते, "आण्णा, तुमची वळख हुती का वं भाऊसाहेबांशी?" तिथं माझा जो जळफळाट सुरू झाला, तो अजून विझलेला नाही.

लढाईच्या दिवसांत प्रांताचे मंत्री राजीनामे देऊन घरी बसले होते. सगळा कारभार साहेब लोकांच्या हातात. साहेबाला रात्री ठसका लागला की सकाळी नवं खातं उभं... धान्याचं, रॉकेलचं, कापडाचं! मी लोकल बोर्डाचा निवडून आलेला सभासद. माझ्या मिरवणुकीचं डोकं पाथर्डीत पोचलं तेव्हा शेपूट तिसगावातच होतं. खोटं वाटेल त्याने गाडीच्या बैलांना विचारावं. आणि यशवंत? मामलेदार कचेरीतला कारकून. त्याला कुत्र्यानेसुद्धा मत दिलेलं नव्हतं. पाऊस दगा देऊन गेला त्या साली त्याने साहेबाची सही आणली, आमच्या बोर्डाच्या कोंडवाड्यात टेबल मांडलं, आणि झालं कडबा खातं! कोणाच्या दावणीला किती पेंढ्या, हे तो ठरवणार.

बाजाराच्या दिवशी कोंडवाड्यासमोर गाडीवर चढून मी असा गरजलो, की नगरच्या किल्ल्यातले पहारेकरी बंदुका सावरून उभे राहिले म्हणतात. "याला कोणी निवडलं? उद्या हा चुकला, तर याला काढणार कोण?" टाळ्या कडाडल्या. मग मागून एकजण म्हणाला, "झालं न्हवं, आण्णा? मग गाडी बाजूला घ्या. रांग अडलीया."

यशवंत कोंडवाड्यातल्या टेबलामागून हसला. "सवाल बरोबर आहे रे रंग्या. पण बोर्डाची बैठक भरेपर्यंत बैल थांबत नाहीत."

"आणि तुझी बदली झाल्यावर?"

त्याने रांगेतल्या पुढच्या माणसाला हाताने बोलावलं.

बदली झालीच. नवा कारकून आला आणि कडबा त्याच्या ओळखीच्या गोठ्यांकडे चालू लागला. त्याला हलवायला ना मत उपयोगी, ना बोर्ड. मी नगरला जाऊन इतका भांडलो, की साहेबाच्या बंगल्यावरच्या चिमण्या कान झाकून उडाल्या. निवडून आलेलं सरकार परत आलं, तेव्हा कुठे ते खातं बोर्डाच्या कमिटीखाली आलं. अध्यक्ष अर्थातच मी. यशवंत मुद्दाम भेटायला आला, ती शेवटची भेट. म्हणाला, "आता तुला काढता येईल. हे फार बरं झालं." अभिनंदनसुद्धा असं करायचा हा माणूस!

परवा मी त्या टेबलाशी बसलो होतो. एक म्हातारा पुढे आला. "सर्ज्या आन् पाखऱ्या."

"बाबा, तुमचं नाव?"

तो गोंधळला. "भाऊसाहेब पयलं बैलांचं इचारायचे... आमचं मागनं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पुढच्याने तोंड उघडायच्या आत मीच विचारलं, "बैलाचं नाव काय रे?" रांगेतली माणसं एकमेकांकडे बघून अशी खुलली... मला निवडून दिलं त्या दिवशीही इतकी खुलली नव्हती.